शरीर फॉरमॅट करून मिळेल

'स्टेम सेल' हा शब्द आपल्या आसपास कुठे कुठे दिसतो, याची मी गेल्या महिन्यात सहज मोजदाद केली. पार्लरमधल्या नाइट क्रीमच्या डबीवर. टकलावर केस उगवून देणाऱ्या क्लिनिकच्या होर्डिंगवर. सोसायटीच्या लिफ्टमध्ये चिकटवलेल्या गुडघेदुखीच्या पत्रकावर. आणि पहिल्यांदाच आई होणाऱ्या कलीगच्या डेस्कवरच्या, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवणाऱ्या बँकेच्या गुळगुळीत ब्रोशरवर. क्रीममध्ये तर म्हणे सफरचंदाच्या स्टेम सेल्स! आता माझ्या सुरकुत्यांचं नेमकं काय करायचं, हे त्या बिचाऱ्या सफरचंदाला तरी कुठून ठाऊक असणार? पण ते असो.

क्रीमने फार तर पाकीट हलकं होतं. हाच शब्द 'ऑटोइम्यून' या दुसऱ्या शब्दाला चिकटून आला की मात्र मामला गंभीर होतो. कारण हे आजार आजी-आजोबांचे नाहीत, आपल्या वयाचे आहेत. ल्युपस, संधिवाताचा ऱ्हुमॅटॉइड प्रकार, सोरायसिस, क्रोन्स, टाइप वन डायबिटीस, थायरॉइडचा हाशिमोटो... आणि एमएस. अमेरिकेला जाऊन करतात ते एमएस नव्हे, मल्टिपल स्क्लेरोसिस. साधारण विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होणारा, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. म्हणजे करिअर, लग्न, होम लोन, मूल हे सगळं जेव्हा एकदम अंगावर येत असतं, नेमक्या तेव्हाच.

या सगळ्या आजारांचं सार मराठीत आधीच सांगून झालंय: कुंपणानेच शेत खाल्लं. जंतूंशी लढायला ठेवलेल्या पांढऱ्या पेशी आपल्याच शरीरावर उलटतात. कधी सांध्यावर, कधी त्वचेवर, कधी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर. एमएसमध्ये त्या मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण कुरतडतात. वायरवरचं प्लास्टिक सोललं की काय होतं? तेच. एके दिवशी एका डोळ्याने धूसर दिसायला लागतं, पाय बधिर होतो, हातातला कप सुटतो. मग बरं वाटतं. मग परत.

आता यात स्टेम सेल कुठून आल्या? तर अपघातानेच. ब्लड कॅन्सरसाठी ज्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, त्यांच्यापैकी काहींना आधीपासून एखादा ऑटोइम्यून आजारही होता. ट्रान्सप्लांटनंतर कॅन्सरबरोबर तोही गप्प बसला! डॉक्टरांचे कान टवकारले. 1995 मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकीत डॉ. फासास यांनी मुद्दाम एमएससाठी म्हणून असं ट्रान्सप्लांट केलं, पेशंटच्याच मूळपेशी वापरून. तिथून ही गाडी सुरू झाली.

हॉलिवूडवाल्यांना सेल्मा ब्लेअर आठवत असेल. 'लीगली ब्लाँड'मधली, 'हेलबॉय'मधली. 2018 मध्ये तिने आपल्याला एमएस असल्याचं जाहीर केलं, 2019 मध्ये हे ट्रान्सप्लांट करून घेतलं आणि 2021 मध्ये आजार आटोक्यात असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी आलेल्या तिच्यावरच्या डॉक्युमेंटरीत तुळतुळीत डोक्याची सेल्मा दिसते. हे टक्कल लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आपल्यापैकी ज्यांनी विंडोज एक्सपीचे दिवस पाहिलेत, त्यांना फॉरमॅट मारणं म्हणजे काय ते सांगायला नको. व्हायरस घुसला, मशीन रडायला लागलं की गल्लीतला तो एक मुलगा यायचा, बघायचा आणि थंडपणे म्हणायचा, "फॉरमॅट मारावा लागेल, ताई." सगळं पुसायचं आणि सीडी घालून विंडोज नव्याने चढवायचं. एमएसचं ट्रान्सप्लांट हुबेहूब हेच.

आधी इंजेक्शनं देऊन हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी रक्तात उतरवतात. मग डायलिसिससारखं दिसणारं मशीन: एका नळीने रक्त बाहेर, आत मूळपेशी वेगळ्या, उरलेलं रक्त दुसऱ्या नळीने परत. त्या पेशी पिशवीत भरून गोठवायच्या. इथवर ठीक. मग हॉस्पिटलात भरती आणि काही दिवस सणसणीत केमो. तीच, कॅन्सरवाली. सायक्लोफॉस्फमाइड, आणि बहुतेक वेळा जोडीला सशाच्या नाहीतर घोड्याच्या शरीरात बनवलेली, पांढऱ्या पेशींचा फडशा पाडणारी अँटिबॉडी. केस जातात. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात. मग गोठवलेली पिशवी वितळवून सलाइनसारखी चढवतात. या दिवसाला 'डे झीरो' म्हणतात. गोठवताना वापरलेल्या रसायनामुळे पेशंटच्या अंगाला त्या दिवशी चक्क लसणासारखा वास येतो. पुढचे दहा-बारा दिवस बंद खोली, मास्क, ताप आला की अँटिबायोटिक, आणि रोज सकाळी एकच प्रश्न: काउंट आला का?

यात आजारावरचं औषध कुठलं, सांगा बरं? केमो. फॉरमॅट तिने मारला. स्टेम सेल म्हणजे ती सीडी. रक्त लवकर पुन्हा तयार व्हावं आणि माणूस त्या रिकाम्या दिवसांतून सुखरूप बाहेर यावा, यासाठी. आजार 'शिकलेल्या' पेशी पुसल्या जातात आणि कोऱ्या मूळपेशींपासून नवी फौज तयार होते. फौज त्याच घराण्यातली असल्यामुळे ती पुन्हा बिघडणारच नाही अशी गॅरंटी नाही, पण अनेकांना कित्येक वर्षांची शांतता मिळते.

किती अनेकांना? 2019 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापून आली. 110 पेशंट, सगळे वारंवार अटॅक येणाऱ्या एमएसचे, औषधं चालू असूनही आदल्या वर्षात अटॅक आलेले. निम्म्यांना ट्रान्सप्लांट, निम्म्यांना औषधं. औषधवाल्या गटात 34 जणांचा आजार पुढे सरकला. ट्रान्सप्लांटच्या गटात 3 जणांचा. दगावलं कोणीच नाही. आकडे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. पण त्यात एक ग्यानबाची मेख आहे: ऑक्रेलिझुमॅबसारखी आजची तगडी औषधं त्या तुलनेत नव्हती. 2023 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या पेशंटांच्या नोंदी तपासून जो अभ्यास आला, त्यात ट्रान्सप्लांट जुन्या गोळीपेक्षा स्पष्ट सरस निघालं, ऑक्रेलिझुमॅबपेक्षा मात्र सरस असल्याचं दिसलं नाही.

आणि जोखीम? ती आजार बघून बदलते. त्वचा आणि फुप्फुसं दगडासारखी करत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मावर युरोपात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. ट्रान्सप्लांट घेतलेल्या 79 पैकी 8 जण पहिल्याच वर्षात उपचारांमुळेच गेले. तरीही पुढच्या वर्षांचा हिशेब मांडला तर ट्रान्सप्लांटच्या गटात जास्त लोक जगले. असा सौदा! आजार तितकाच भीषण असेल तरच परवडणारा. एमएसमध्ये हा धोका सुरुवातीच्या काळात शंभरात तीन-चार होता, 2005 नंतरच्या अभ्यासांत तो शंभरात एकाच्याही खाली आला, कारण कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे डॉक्टर शिकले.

आता माझ्या मैत्रिणीकडे येते. वय 34, हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर, तीन वर्षांपूर्वी एमएसचं निदान. सहा महिन्यांतून एकदा औषधाचं इन्फ्युजन घेते, बाकी वेळ टीमला पिडते. गेल्या वर्षी तिच्या मावशीने व्हॉट्सअॅपवर एका क्लिनिकचा व्हिडिओ पाठवला. 'ऑटोइम्यून आजार मुळापासून बरे. स्टेम सेल थेरपी.' मैत्रीण म्हणाली, "तू कॉलमसाठी असलं काहीबाही वाचत असतेस. चल माझ्याबरोबर." गेलो दोघी.

रिसेप्शन एखाद्या बुटिक हॉटेलसारखं. ग्रीन टी आला. भिंतीवर सर्व्हिसेसची यादी: केसगळती, गुडघा, ऑटिझम, डायबिटीस, एमएस, अँटिएजिंग. हे सगळं एकाच लिफ्टने, एकाच मजल्यावर! काउन्सेलर मुलगी गोड होती. पोटाच्या चरबीतून पेशी काढायच्या, 'लॅबमध्ये अॅक्टिव्हेट' करायच्या आणि सलाइनमधून द्यायच्या. तीन सिटिंग्ज. साडेचार लाख, ईएमआय उपलब्ध.

मैत्रिणीने विचारलं, "आणि केमो?"

"छे छे मॅडम, केमो कसली! आपली थेरपी एकदम नॅचरल आहे. नो साइड इफेक्ट्स. दुसऱ्या दिवशी ऑफिसला."

मी सेल्माच्या टकलाचा विचार करत होते. सेल्माचा फोटो त्यांच्या ब्रोशरमध्ये होता हो! केस असलेला.

धंद्याची सगळी गंमत इथे आहे. ज्या उपचाराचे आकडे दाखवायचे, त्यात केमो आहे, आयसीयूची तयारी आहे, जिवाची जोखीम आहे. आणि जो विकायचा, त्यात यातलं काहीच नाही. नाव तेवढं एक. फॉरमॅट न मारताच सीडी घालायची आणि म्हणायचं, व्हायरस गेला!

बरं, चरबीतल्या किंवा मॅरोतल्या या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर, ज्यांना मेसेन्कायमल म्हणतात, काम झालंच नाही असंही नाही. प्रयोगशाळेत त्या खवळलेल्या पांढऱ्या पेशींना शांत करताना दिसतात, त्यामुळे आशा खरीखुरी होती. म्हणून तर नऊ देशांतल्या केंद्रांनी मिळून एमएसच्या 144 पेशंटांवर रीतसर चाचणी केली. 2021 मध्ये निकाल आला: पेशी सुरक्षित आहेत, पण एमआरआयमध्ये दिसणारे मेंदूतले ताजे डाग कमी करण्यात नुसत्या सलाइनसारख्या डोसपेक्षा काही वरचढ नाहीत. क्रोन्सच्या आजारात होणाऱ्या भगंदरासाठी अशाच पेशींचं एक औषध 2018 मध्ये युरोपात मंजूर झालं होतं. पुढच्या मोठ्या चाचणीत ते टिकलं नाही आणि 2024 मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. याला म्हणतात प्रामाणिक नापास होणं. क्लिनिकवाल्यांना ही सोय नसते, कारण ते परीक्षेलाच बसत नाहीत.

आणि 'नो साइड इफेक्ट्स'? अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन वयस्कर बायकांनी नजर सुधारावी म्हणून स्वतःच्या पोटाच्या चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्या. आजार वेगळा होता, पण कृती हीच, पेशीही 'आपल्याच'. तिघींची दृष्टी गेली. 2017 मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर छापून आलंय.

नाळेच्या रक्ताच्या ब्रोशरचंही इथेच उरकते, कारण त्यातही डायबिटीसचं नाव असतं. फ्लोरिडातच टाइप वन डायबिटीस झालेल्या 24 मुलांना त्यांचंच साठवलेलं नाळेचं रक्त दिलं गेलं. 2011 मध्ये निष्कर्ष आला: इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी काही त्याने वाचल्या नाहीत. नाळेचं रक्त स्वतःच्याच भविष्यासाठी खासगी बँकेत ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं आपल्या आयसीएमआरने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहून ठेवलंय. कलीगला मी हे सांगितलं. तिच्या सासूबाईंनी पहिला हप्ता आधीच भरला होता.

त्याच 2017 च्या कागदात आपल्या कामाची आणखी दोन वाक्यं आहेत. रक्ताच्या मूळपेशींचं प्रस्थापित प्रत्यारोपण सोडलं, तर मंजूर चाचणीबाहेर पेशंटवर स्टेम सेल वापरणं अनैतिक, गैरवैद्यकीय वर्तन. आणि चाचणी असेल, तर पेशंटकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे बघा, आयसीएमआरच्या हिशेबात साडेचार लाखांचं ते पॅकेज बसणार कुठे? चाचणी असेल तर फुकट हवी, चाचणी नसेल तर नकोच. ईएमआयची पाटी पाहिली की पुढचा ग्रीन टी पिऊ नये, हे बरं.

तिथून निघालो त्या आठवड्यात मैत्रीण तिच्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेली. मीही होते. सर जुन्या वळणाचे, समोर फाइल, हातात शाईचं पेन. ती म्हणाली, "सर, क्लिनिकचं सोडा. खरं ट्रान्सप्लांट, केमोवालं. मला करता येईल का?"

सर चिडले नाहीत. भारतातही काही मोठ्या केंद्रांत ते होतं, म्हणाले, आणि त्यांनी स्वतः पेशंट पाठवलेत. मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. हा उपचार आग विझवतो, जळलेलं घर बांधून देत नाही. नस एकदा मेली की ती परत येत नाही. म्हणून सगळ्यात जास्त फायदा होतो तो तरुण, चालत्या-फिरत्या, आजार नुकताच पेटलेल्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटना. आणि सगळ्यात जास्त फोन येतात ते वीस वर्षं आजार असलेल्यांचे, व्हीलचेअरवरच्यांचे. आग केव्हाच विझून फक्त राख उरलेल्यांचे. "त्यांना नाही म्हणणं, हे माझ्या कामातलं सगळ्यात वाईट काम आहे," सर म्हणाले. "मी नाही म्हणतो, आणि बाहेर लिफ्टपाशी कोणीतरी हो म्हणायला उभा असतो."

मैत्रिणीचा एमआरआय दोन वर्षं स्वच्छ आहे. इन्फ्युजन काम करतंय. आजच्या घडीला तिला फॉरमॅटची गरज नाही. उद्या औषध चालू असताना अटॅक आले तर मात्र पर्याय उघडा, आणि तेव्हा फार वर्षं थांबायचं नाही. एवढं बोलून सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "मूल हवंय का तुम्हाला, पुढे कधी?"

ती गप्पच. या केमोने पाळी कायमची जाऊ शकते, वय जितकं जास्त तितका धोका जास्त. त्यामुळे ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर त्याआधी बीजांडं गोठवून ठेवणं आलं. क्लिनिकच्या ब्रोशरमध्ये हा प्रश्न नव्हता. कसा असेल? गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला कोणी हे कधी विचारलंच नव्हतं गं. आईसुद्धा विचारत नाही, घाबरते." फॉरमॅटमध्ये आणखी काय काय पुसलं जातं याची यादी तिने त्या रात्री काढली. त्यात तिला हसू आणणारी एक गोष्ट सापडली: ट्रान्सप्लांटनंतर लहानपणच्या लसींची आठवणही शरीरातून जाते. मग पस्तिशीच्या बाईला परत पोलिओ, धनुर्वात, घटसर्प, सगळं पहिल्यापासून! लसीकरणाचं कार्ड घेऊन बालवाडीच्या रांगेत.

दरम्यान जग थांबलेलं नाही. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये डॉ. शेट यांच्या चमूने 2021 मध्ये ल्युपस झालेल्या एका वीस वर्षांच्या मुलीला कार-टी पेशी दिल्या. या स्टेम सेल नव्हेत. पेशंटच्याच टी पेशी काढून, त्यांना नवं 'टार्गेट' शिकवून परत सोडायच्या. त्या बी पेशींचा काटा काढतात. अख्खा फॉरमॅट न मारता एकच फोल्डर डिलीट! 2024 पर्यंत 15 पेशंटांचे निकाल आले. त्यातले आठही ल्युपसवाले आजाराच्या लक्षणांतून मुक्त, रोजची औषधं बंद. संख्या लहान आहे, पण उत्साह खराखुरा. आपल्याकडचा धागा म्हणजे पवईच्या आयआयटीने टाटा मेमोरियलबरोबर घडवलेली भारतीय कार-टी, नेक्सकार19. तिला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली ती रक्ताच्या कॅन्सरसाठी, ल्युपससाठी नव्हे. हा फरक लिफ्टवाले लवकरच विसरणार, बघा तुम्ही.

टाइप वन डायबिटीसवाल्यांसाठी तिसरीच वाट आहे: स्टेम सेलपासून इन्सुलिनच्या पेशी कारखान्यासारख्या तयार करायच्या आणि यकृतात सोडायच्या. 2025 मध्ये छापून आलेल्या चाचणीत पूर्ण डोस घेतलेल्या 12 पैकी 10 जणांचं इन्सुलिन वर्षभरानंतर बंद होतं. मात्र नवं शेत पेरलं तरी कुंपण तेच आणि पेशीही परक्या, त्यामुळे रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालूच.

कुठल्याही चाचणीचं नाव कोणी सांगितलं तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, फुकट तपासता येते. 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. मैत्रिणीने त्या काउन्सेलरला मेसेज करून सीटीआरआय क्रमांक मागितला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. नंतर गुढीपाडव्याला शुभेच्छा मात्र आल्या, श्रीखंडाच्या फोटोसकट, आणि खाली बारीक अक्षरांत: दुसऱ्या सिटिंगवर वीस टक्के सूट, ऑफर रविवारपर्यंत.